हात कुठे थबकतो: वाचनालयातल्या लिनक्सच्या नोंदी

१४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार

आजपासून विंडोज १० चा सपोर्ट बंद. आमच्या गावच्या वाचनालयातले सहाही कॉम्प्युटर त्यावरच चालतात, चौथ्या पिढीचे आय-थ्री, ४ जीबी रॅम, आणि विंडोज ११ ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते म्हणजे तो रस्ता बंदच. समितीच्या बैठकीत मशीन भंगारात द्यायचा विषय निघाला तेव्हा मी म्हटलं मला तीन महिने द्या, शनिवार-रविवार पुण्याहून येतोच आहे, मी लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम) टाकून देतो आणि लोकांना वापरता येईल असं करून देतो. यातलं दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे म्हणून ही वही.

लिनक्स मिंट २२.२ ठरवलंय, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवाली आवृत्ती, कारण रॅम कमी आहे. २०२९ पर्यंत अपडेट मिळणार. प्रत्येक मशीनला २४० जीबीची एसएसडी, त्याचे पैसे समितीने मंजूर केले.

१९ ऑक्टोबर, रविवार

सहाही मशीन झाली. एकेकाला अर्धा तास पण लागला नाही. दिवाळीमुळे वाचनालय रिकामं होतं त्यामुळे निवांत झालं.

आता पद्धत लिहून ठेवतो. २००९ मध्ये उबुंटूवाल्यांनी (हे पण एक लिनक्सच) ‘हंड्रेड पेपरकट्स’ नावाचं काम हाती घेतलं होतं. नवीन कागदाच्या कडेने बोट कापतं ना, जखम एवढीशी पण दिवसभर चुरचुरते, तसे बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधले दोष, शोधायचे. छोटा, सोपा, पण रोज खूप लोकांना लागणारा. त्यांची व्याख्याच ही होती. केडीई या लिनक्स डेस्कटॉपवाल्यांनी २०२२ मध्ये असंच केलं, पहिल्या पंधरा मिनिटांत नजरेला येतील असे बग आधी मारायचे. आपल्याकडे डेव्हलपरची फौज नाही पण वाचनालयात बसून बघता येतं. तर मी माणसाच्या मागे खुर्ची टाकून बसणार, काही बोलणार नाही, आणि माऊसवरचा हात जिथे थबकेल तिथे नोंद करणार. विचारायचं नाही, शिकवायचं नाही. लोकांना विचारलं तर सगळे “छान आहे” म्हणतात, मनाने चांगले असतात म्हणून. हात मात्र खरं सांगतो.

२६ ऑक्टोबर, रविवार

पहिला दिवस. सकाळी नाना (आमचे ग्रंथपाल, बावीस वर्षं झाली त्यांना इथे) आणि दुपारी अभ्यासिकेतली एमपीएससीची मुलं.

नानांना नोटीस टाईप करायची होती. मी स्क्रीनवर एक चिठ्ठी लावून ठेवली होती, “मराठीसाठी सुपर + स्पेस दाबा”. नाना कीबोर्डकडे बघत बसले. एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर बोट फिरवत होते. दोन मिनिटांनी म्हणाले, “अरे, हे सुपर कुठंय?” कीबोर्डवर त्या बटणावर चार चौकोनांची खिडकी आहे, सुपर असा शब्द कुठेच नाही. लिनक्समध्ये सगळीकडे सुपर म्हणतात, मदतीच्या पानांवर, सेटिंगमध्ये, सगळीकडे, आणि मी पंधरा वर्षं ते वाचतोय त्यामुळे मला हे कधी दिसलंच नव्हतं.

आधी वाटलं शॉर्टकटच बदलू, कंट्रोल + स्पेस ठेवू. ठेवला पण. तासाभरात नानांनी पुस्तकांची यादी उघडली, भाषा बदलायला गेले आणि कॅल्कमध्ये (एक्सेलसारखा प्रोग्रॅम) अख्खा कॉलम सिलेक्ट झाला, कारण कॅल्कमध्ये कंट्रोल + स्पेस म्हणजे कॉलम निवडा. शिफ्ट + स्पेस केलं तर अख्खी ओळ. म्हणजे परत सुपरवर आलो. शेवटी पांढरी चिकटपट्टी आणली, त्यावर काळ्या मार्करने ‘म’ लिहिलं आणि सहाही कीबोर्डवर त्या खिडकीच्या बटणावर चिकटवलं. चिठ्ठीवर आता “म + स्पेस”. संध्याकाळी तिसरीतली एक मुलगी आली, कुणी काही न सांगता तिने दाबलं.

दुसरं एक. एका खिडकीत मराठी केलं की दुसऱ्या खिडकीत इंग्रजीच राहायचं, त्यामुळे प्रत्येकाचे पहिले चार शब्द चुकायचे, मग खोडायचे, परत टाईप. आयबस म्हणजे टायपिंगची भाषा बदलणारा प्रोग्रॅम, त्याच्या प्रेफरन्समध्ये सगळ्या ॲपना एकच इनपुट पद्धत वापरायची असा एक चौकोन आहे, त्यावर टिक केली आणि प्रश्न मिटला. एक टिक. आणि ती सापडायला मला चाळीस मिनिटं लागली, गावातल्या माणसाला ती कधी सापडली असती?

२७ ऑक्टोबर, सोमवार

रजा टाकून थांबलो. कीबोर्डचा कुठला तक्ता कोणाला हवा ते विचारून ठेवलं. नाना टाईपरायटरवर शिकलेले, त्यांना रेमिंग्टन. दोन मुलांनी इन्स्क्रिप्ट शिकलंय. बाकी सगळे मोबाईलसारखं, म्हणजे इंग्रजी अक्षरात लिहिलं की मराठी उमटलं पाहिजे. एम१७एन या तक्त्यांच्या संचात रेमिंग्टन, इन्स्क्रिप्ट, आयट्रान्स आहेत आणि गमभन पण आहे, ते बघून खूप बरं वाटलं, गमभनवर माझी पहिली मराठी टाईप झालेली. यादीतली नावं सगळी इंग्रजीत येतात तेवढं खटकतं. प्रत्येक मशीनवर तीनच ठेवले, बाकी काढून टाकले. लांबलचक यादी दिसली की माणूस काहीच निवडत नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस प्रिंटने खाल्ला.

एक शेतकरी काका सातबारा काढायला आले होते, डिजिटल सहीचा, पंधरा रुपये भरून. प्रिंट आली, खालची ओळ अर्धी कापलेली. परत काढली, परत तेच. काका म्हणाले, “तलाठ्याकडं गेलो तर म्हणतील हे काय आणलं.” मी प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये शोधत बसलो, केबल बदलली, कार्ट्रिज बघितलं. दोष तिथे नव्हताच. इन्स्टॉल करताना मी पहिल्या स्क्रीनवर भाषा इंग्रजी, अमेरिका अशी ठेवून पुढे गेलो होतो, सवयीने. त्यामुळे सिस्टिमने कागदाचा आकार अमेरिकन लेटर धरला. लेटर २७९.४ मिमी उंच, ए-फोर २९७. साडेसतरा मिलिमीटर गेले आणि त्यात काकांची ओळ गेली.

लोकॅल (भाषा आणि देशाची सेटिंग) बदलून मराठी, भारत केलं, कागदाचा डिफॉल्ट आकार ए-फोर केला, प्रिंटरच्या सेटिंगमध्येही ए-फोर. त्याच एका बदलाने तारखा पण सुधारल्या, आधी फाइलवर महिना पुढे आणि दिवस मागे येत होता आणि मुलं ११/०२ म्हणजे अकरा फेब्रुवारी समजत होती. आकडे पण आता १,००,००० असे लाखात तुटतात.

काकांना नवीन प्रिंट दिली, पैसे घेतले नाहीत. इन्स्टॉलच्या पहिल्या मिनिटात मी न वाचता नेक्स्ट दाबलं, त्याचा त्रास पंधरा दिवसांनी तिसऱ्याच माणसाला झाला. हे मला लक्षात ठेवायचंय.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज वाईट झालं.

अभ्यासिकेसाठी मी गेस्ट सेशन चालू करून दिलं होतं, पासवर्ड नको, कोणीही या, बसा, जा. स्वाती तीन दिवस राज्यशास्त्राच्या नोट्स टाईप करत होती. एरवी मशीन ती चालूच ठेवून जायची, काल वीज गेली म्हणून नानांनी सगळी बंद केली. गेस्ट सेशन बंद झालं की त्यातलं सगळं पुसलं जातं, तसंच बनवलंय ते, दुसऱ्याला तुमचं काही दिसू नये म्हणून. सुरू होताना तशी सूचना येते पण ती इंग्रजीत चार ओळींची, आणि तिने ओके दाबलं. कोणीही दाबेल.

ती रडली नाही, फक्त म्हणाली, “दादा, परत नाही का येणार?” मी डिस्कवर शोधायचा प्रयत्न केला. गेस्टचं फोल्डर रॅममध्येच असतं, मशीन बंद झालं की काही उरत नाही. मी तिला तसं सांगितलं आणि माफी मागितली.

गेस्ट सेशन आजच बंद. त्याऐवजी प्रत्येक मशीनवर ‘अभ्यासिका’ नावाचं साधं खातं, आपोआप लॉगिन होणारं, आणि डेस्कटॉपवर प्रत्येकाच्या नावाचं फोल्डर. कोणाचं कोणाला दिसेल, पण इथे सगळे एकमेकांना ओळखतात आणि नोट्स एकमेकांना देतातच. खाजगीपणापेक्षा नोट्स टिकणं इथे जास्त गरजेचं आहे, हा निर्णय मी मुलांना विचारून घेतला.

९ नोव्हेंबर, रविवार

आपोआप लॉगिन केलं तर नवीन कटकट. क्रोमियम ब्राउझर उघडला की ‘कीरिंग अनलॉक करा’ म्हणून पासवर्ड मागतो. मुलं गोंधळली, एकाने स्वतःचा जीमेलचा पासवर्ड टाकून बघितला! यात धोका आहे. कारण असं की कीरिंग म्हणजे पासवर्डांची पेटी, ती एरवी लॉगिनच्या पासवर्डनेच उघडते, आणि आपोआप लॉगिनमध्ये कोणी पासवर्ड टाकतच नाही, मग पेटी बंदच राहते. उपाय: पासवर्ड्स अँड कीज नावाचा प्रोग्रॅम उघडून पेटीचा पासवर्ड रिकामा केला. सोबत क्रोमियममध्ये पासवर्ड साठवणं पूर्ण बंद, सार्वजनिक मशीन आहे.

स्वातीच्या नोट्सचा पहिला भाग तिच्या मैत्रिणीकडे व्हॉट्सॲपवर फोटोत होता. दोघी बसून परत टाईप करतायत.

१६ नोव्हेंबर, रविवार

पेन ड्राइव्ह. हा प्रश्न जुना आहे आणि मला खूप दिवसांपासून सतावतो.

एका मुलाने ७०० एमबीचं लेक्चर पेन ड्राइव्हवर टाकलं. पट्टी सरसर शंभर टक्क्यांवर गेली, त्याने पेन ड्राइव्ह उपटला, घरी जाऊन बघतो तर व्हिडिओ अर्धाच. तो म्हणाला मशीन खोटं बोलतं. त्याचं बरोबर आहे. लिनक्स कॉपी करताना डेटा आधी रॅममध्ये घेतं आणि सावकाश पेन ड्राइव्हवर उतरवतं. रिकाम्या रॅमच्या वीस टक्क्यांपर्यंत असा डेटा तुंबू शकतो, म्हणजे आमच्या मशीनवर काहीशे एमबी, आणि स्वस्तातला पेन ड्राइव्ह सेकंदाला जेमतेम पाच-सहा एमबी लिहितो. पट्टी रॅमपर्यंतचा प्रवास दाखवते, माणसाला वाटतं पेन ड्राइव्हपर्यंतचा.

सिस्टिमच्या सेटिंगमध्ये तुंबण्याची मर्यादा ४८ एमबी केली, आणि १६ एमबी झाले की मागच्या मागे लिहायला सुरुवात. डर्टी बाइट्स असं त्या सेटिंगचं नाव आहे, दोन ओळींची फाइल. आता पट्टी हळू चालते. सगळ्यांना सांगून ठेवलं की आधी दहा सेकंदात व्हायचं ते आता दोन मिनिटं दाखवेल, पण जे दाखवेल ते खरं असेल. एकानेही तक्रार केली नाही. माणसाला वेळ लागला तरी चालतं, फसवलेलं चालत नाही. तरी ‘बाहेर काढा’ दाबल्याशिवाय उपटायचं नाही हे नानांनी फळ्यावर लिहिलंय.

२३ नोव्हेंबर, रविवार

छोटी कामं. मराठी अक्षर दहा पॉइंटला वाचवत नाही, वर वेलांटी खाली उकार, १३६६ बाय ७६८ च्या स्क्रीनवर सगळं चिकटतं. फॉन्ट बारा केला, हिंटिंग (अक्षराच्या कडा स्क्रीनच्या ठिपक्यांना जुळवणं) हलकं ठेवलं. खिडकीची कड इतकी बारीक की माऊसने धरताच येत नाही, जाड कडेची थीम लावली, आणि ऑल्ट दाबून उजव्या बटणाने ओढलं की खिडकी कुठूनही मोठी होते हे दोन मुलांना दाखवलं, ती आता बाकीच्यांना दाखवतात.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आज नानांसोबत अख्खा दिवस लिब्रेऑफिसवर (वर्ड-एक्सेलसारखं मोफत ऑफिस). इथे खूप शिकायला मिळालं.

नाना रिकाम्या ओळीवर जातात, आकार अठरा करतात, मराठी टाईप करतात, आकार बाराच राहतो. परत अठरा. परत बारा. मग टाईप केलेलं सिलेक्ट करून अठरा करतात तेव्हा होतं. याचं कारण लिब्रेऑफिस इंग्रजीचा फॉन्ट वेगळा ठेवतं आणि देवनागरीसारख्या लिप्यांचा वेगळा, दोघांचा आकार पण वेगळा. रिकाम्या ओळीवर काय येणारे हे त्याला कळत नाही, ते इंग्रजी धरतं. बांधणीमागचा विचार चांगला आहे, अरबी-देवनागरी सगळ्यांना सामावून घेणारा, पण नानांच्या हाताला ते कसं कळणार. साचा बनवला: दोन्हींचा आकार चौदा, देवनागरीला नोटो सान्स देवनागरी, आणि तोच डिफॉल्ट. नोटीसच्या मथळ्यासाठी वेगळी स्टाइल, ‘मथळा’ नावाची, एका क्लिकवर दोन्ही आकार बदलतात.

मग एक सुंदर गोष्ट झाली. नाना स्क्रीनजवळ वाकून म्हणाले, “हा ल आपला नाही.” मी बघितलं, खरंच, ल आणि श हिंदी वळणाचे होते. शाळेत गिरवलेला ल वेगळा, तो सगळ्या मराठी माणसांच्या हातात आहे. फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, मजकुराची भाषा मराठी आहे असं कळलं तरच तो मराठी वळण काढतो, आणि लिब्रेऑफिसमध्ये या लिप्यांची भाषा हिंदी धरलेली होती. भाषा मराठी केली, ओके दाबलं, आणि डोळ्यादेखत पानावरचे सगळे ल आणि श बदलले. नाना काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसला आणि परत वाचायला लागले. सोबत मराठीची शुद्धलेखनाची डिक्शनरी पण टाकली.

७ डिसेंबर, रविवार

पुस्तकांची यादी. सुमारे चार हजार नोंदी, दहा-बारा वर्षांत वेगवेगळ्या लोकांनी टाईप केलेली. एक वाचक ‘दुसऱ्या’ शब्द असलेलं पुस्तक शोधत होते, सापडलं नाही, नाना म्हणाले पुस्तक तर कपाटात आहे. म्हणजे यादीत असून सापडत नाही.

कारण शोधायला दुपार गेली. ऱ्या हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येतं. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे दाबायचं म्हणजे ऱ, मग डी म्हणजे हलन्त, मग तिरकी रेघ म्हणजे य, मग ई म्हणजे काना. दुसरा प्रकार म्हणजे साधा र, हलन्त, त्यापुढे न दिसणारा एक जोडचिन्हाचा कोड, आणि य. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे. कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. म्हणून ‘दुसऱ्या’ शोधलं की निम्मीच पुस्तकं. साऱ्या, कोऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा, सगळ्यांचं तेच.

तसंच ॲ चं. युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरसाठी अक्षरांचे कोड ठरवणारी पद्धत) ॲ हे स्वतंत्र अक्षर २००८ मध्ये आलं. इन्स्क्रिप्टचा जुना तक्ता शिफ्ट आणि एकवर ऍ देतो, जो हिंदी पद्धतीचा आहे, म्हणून काहींनी तो वापरला, काहींनी अ वर चंद्र ठेवून काम भागवलं. एकाच शब्दाची तीन रूपं.

कॅल्कच्या शोधा-बदलामध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन (नमुना देऊन शोधायची सोय) चालू करून त्या अदृश्य कोडसकट र् शोधला आणि ऱ् ने बदलला. आधी कॉपी काढून ठेवली. मग तिन्ही ॲ एक केले. नंतर नानांनी त्यांना आठवतील ते शब्द एकेक शोधून तपासले, मी गप्प बसून बघत होतो. हात थबकला नाही.

हे फक्त आमचं नाही. मराठीत यादी करणाऱ्या प्रत्येक वाचनालयाचं, प्रत्येक सोसायटीचं, प्रत्येक मतदार यादीवर काम करणाऱ्याचं आहे. शोधाच्या चौकोनानेच दोन्ही रूपं एक मानली पाहिजेत. बग नीट लिहून पाठवलाय, दोन्ही रूपांचे कोड, तीन उदाहरणं, काय व्हायला हवं आणि काय होतं, सोबत छोटी फाइल. बग लिहायलाच दीड तास गेला. पण बग असाच लिहावा लागतो, समोरच्या माणसाला मराठी येत नसेल हे धरून.

१४ डिसेंबर, रविवार

मेनूमधली मराठी. मुलांना बसवून विचारलं, कागदावर शब्द लिहून. ‘धारिका’ म्हणजे काय, नऊपैकी एकाला माहीत. फाइल सगळ्यांना. ‘जतन करा’ सगळ्यांना कळलं आणि आवडलं पण. ‘मिटवा’ वर भांडण, काहींना वाटलं बंद करा, काहींना पुसून टाका, आणि हा फरक म्हणजे कोणाचं तरी काम जाऊ शकतं. एका ॲपमध्ये तो शब्द पुसण्यासाठी आहे. माझं मत स्पष्ट आहे, जो शब्द वाचून हात चालतो तो शब्द ठेवावा, मग तो संस्कृतातून आलेला असो की इंग्रजीतून. फ्यूएल प्रकल्पात हेच करतात, मेनूत वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी घेऊन भाषेची माणसं एकत्र बसतात आणि ठरवतात.

मिंटचं भाषांतर लाँचपॅडवर होतं, एक्सएफसीईचं ट्रान्सिफेक्सवर, लिब्रेऑफिसचं वेबलेटवर. तिन्ही साइटवर खाती उघडली. आज एकूण एकेचाळीस वाक्यं सुचवली, बहुतेक अपडेट मॅनेजर आणि पेन ड्राइव्हच्या सूचनांची. स्वातीने अकरा लिहिली, तिची माझ्यापेक्षा चांगली आहेत. “डेटा लिहिला जातोय, अजून काढू नका” हे तिचं.

२८ डिसेंबर, रविवार

अपडेटची ढाल. रोज कोपऱ्यात नवीन अपडेट आल्याची ढाल दिसते आणि मुलं मला फोन करतात, “दादा, काहीतरी आलंय.” सहाही मशीनवर आपोआप अपडेट चालू केलं आणि त्याआधी टाइमशिफ्टने सिस्टिमची आपोआप प्रत काढायची, दोनच प्रती ठेवायच्या, नाहीतर एसएसडी भरत जाते. आठवडा झाला, फोन आला नाही.

११ जानेवारी २०२६, रविवार

आज परत मागे खुर्ची टाकून बसलो. नवीन दोन मुली होत्या, पहिल्यांदाच आलेल्या. पाऊण तासात तीन नोंदी. एक, पीडीएफ वाचताना पान मोठं कसं करायचं ते सापडेना. दोन, डाऊनलोड झालेली फाइल कुठे गेली. तीन, आवाजाचं बटण इतकं छोटं की दुसऱ्याच चिन्हावर क्लिक झालं. दुसरी सगळ्यात मोठी, तिच्यावर आधी काम: डाऊनलोडचं फोल्डर डेस्कटॉपवर आणून ठेवतो आणि नाव ‘उतरवलेल्या फाइल’ का ‘डाऊनलोड’ ते मुलींनाच विचारतो.

एकेचाळीसपैकी नऊ सूचना मंजूर झाल्यात. बगवर एकाने उत्तर दिलंय, आणखी उदाहरणं मागितलीत. नानांकडून यादीतली वीस नावं घेतली, आज रात्री पाठवतो. चार नंबरच्या मशीनचा स्पेसबार अडकतोय, पुढच्या रविवारी येताना कीबोर्ड आणायचा, आणि ‘म’ ची पट्टी.